गंगाक्का इअरबड घेतात

छत्री घ्यायची असली तर आपण ती एकदा उघडून बघतो. आमच्या शेजारच्या गंगाक्का दुकानदाराकडेच तांब्याभर पाणी मागतात, त्यालाच छत्रीखाली उभा करतात आणि वरून पाणी ओततात. मागे खुर्ची घेताना त्यांनी दुकानातच तिच्यात बसून चांगली डुलकी काढली होती. कुणी कुरकुर केली की त्यांचं उत्तर ठरलेलं, "वापरल्याबिगर कळतंय व्हय?"

गंगाक्का ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकतात. संध्याकाळी त्यांची थपथप सुरू झाली की आम्हाला टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. नेमकी त्याच वेळी त्यांची लेक महानंदा पुण्याहून फोन करते, आणि अक्कांचे दोन्ही हात पिठात. फोन ओट्यावर ठेवावा तर त्यात पीठ जातं. दुरुस्तीवाल्याने एकदा आतून चिमूटभर काढून दाखवलं होतं. वायरचा हेडफोन आणला, तर वायर तव्यावर पडून वितळली. लेकीचा रोजचा फोन बंद पडायची वेळ आली, तेव्हा अक्का माझ्याकडे आल्या.

"तम्मा, ते बिनवायरीचं कानात घालत्यात की, तसलं एक घेऊन दे." मला त्या तम्माच म्हणतात. कानडीत धाकटा भाऊ.

आता या विषयात आमच्या गल्लीत माझा शब्द शेवटचा. मी मोबाईलवर असले व्हिडिओ सारखे बघत असतो. आमच्या हिचं म्हणणं, बघण्यापलीकडे काही करत नाही. मी अक्कांना बॅटरी, ब्लूटूथ, माइक सगळं समजावून दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुकानात लावून बघू देत्यात का?"

आमच्या गावातल्या नवी पेठेत सलीमभाईंचं मोबाईलचं दुकान आहे. अक्कांनी पहिला जोड कानात घातला, मला माझा फोन घेऊन रस्त्यापलीकडे पिटाळलं, कॉल लावायला सांगितला आणि काचेच्या काउंटरवर दोन्ही तळव्यांनी भाकरी थापायला सुरुवात केली.

"खाला, हळू! काच हाय ती!" सलीमभाई ओरडले.

"तम्मा, थापलेलं ऐकू येतंय का?"

"अजिबात नाही, अक्का! फक्त तुमचा आवाज. एकदम स्वच्छ!"

"बेड, बेड," अक्का मान हलवत कानडीत म्हणाल्या. "हे नको. दुसरं दावा."

सलीमभाईंनी त्याहून भारी जोड काढला. बाहेरचा गोंगाट पार गाळून टाकणारा. पुन्हा थपथप, पुन्हा माझं "स्वच्छ!" आणि पुन्हा अक्कांचं "बेड." समोरच्या साडीच्या दुकानातल्या बायका साड्या सोडून आमच्याकडे बघू लागल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने तर मला विचारलं, "म्हातारीला काय पायजे काय नेमकं?" मलाच ठाऊक नव्हतं, तर त्याला काय सांगणार?

शेवटी सलीमभाईंनी अगदी खालच्या कप्प्यातला एक जोड काढला. तो दाखवायचीही त्यांना लाज वाटत होती. "खाला, ह्याच्यात सगळा कचरा ऐकू येतो. पंखा, रिक्षा, सगळं."

आणि खरंच सगळं ऐकू येत होतं. मी शरमून सांगितलं, "अक्का, तुमच्या बोलण्यापेक्षा थपथपच मोठी येतेय."

अक्कांचा चेहरा फुलला. "हेच द्या."

परतताना मी रिक्षात तोंडाचा फुगा करून बसलो. माझी सगळी विद्या बाईंनी कचऱ्यात घातली, असं मला वाटत होतं. तो फुगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकला. मग हिने भाकऱ्या आणायला पाठवलं म्हणून गेलो.

अक्का थापत होत्या. कानात बड होता, पण तोंडातून शब्द नव्हता. फोन तुटला असेल, अशी आशा मला वाटली.

"बंद पडलं ना?"

"न्हाय रं. जोडलंय की. पोरगी जेवाया बसलीय."

"मग बोलत का नाही?"

"काय बोलायचं रोज रोज? तितं खोलीत एकटीच असती. डबा उघडला की फोन लावती. म्हंती, आई, तू नुसती भाकरी कर. तुझी थपथप कानात असली की घास उतरतोय." अक्का किंचित हसल्या. "लहानपणी ओट्याच्या खालीच ताट घेऊन बसायची."

मी भाकऱ्या उचलायला ओट्याकडे वळलो. गॅस बंद होता. शेवटची भाकरी फडक्यावर वाळत पडली होती. अक्का रिकाम्या काठवटीत थापत होत्या.

"अक्का, पीठ संपलं की."

"व्हय," हात न थांबवता अक्का म्हणाल्या. "पण तिचं जेवण व्हायचंय अजून."