नागनाथरावांची लेव्हल

आमच्या कॉलनीतले नागनाथराव लग्नपत्रिकासुद्धा आधी मागून वाचतात, मग पुढून. "पलटवून बघितल्याबिगर काय खरं न्हाई, ताई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाजारात वांगं, बँकेत पासबुक, दवाखान्यात एक्सरे, सगळं ते पलटवतात. भाचीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी सगळे प्रश्न शेवटून सुरुवातीकडं पुन्हा विचारले होते. उत्तरं जुळली. मुलगा मात्र परत आला नाही.

ते पाटबंधाऱ्याचे ओव्हरसियर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तपासणी चालूच आहे. नांदेडात कुठं सिमेंटची पोती उतरली की हे हजर. मिस्त्रीची लेव्हल, म्हणजे सपाटी तपासायची पट्टी, मागायची, फरशीवर ठेवायची, काचेतला बुडबुडा कुठं थांबला ते बघायचं. मग टोकं अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा खोलीच्या एकाच बाजूला तेवढाच सरकला तर लेव्हल खरी, नाहीतर खोटी. आमच्या गल्लीत आजवर एकही खरी निघालेली नाही. त्यांची स्वतःची लाकडी लेव्हल कायम काखेत, उशीच्या अभ्र्यात. ती बाहेर निघालेली कुणी पाहिली नव्हती.

माझ्या नव्या घराची वास्तुशांती गुरुवारी होती. वहीत कामं ओळीनं लिहिली होती. चौदावं काम, 'नागनाथरावांना फाटकातच थांबवणे.' सोमवारी मी नळवाल्याशी भांडत होते, तेवढ्यात ते मागच्या दारानं आत आले.

देगलूरच्या बालाजी मिस्त्रीनं स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट नुकताच बसवला होता. नागनाथरावांनी त्याची लेव्हल मागितली, ठेवली, पलटवली. बुडबुडा दुसऱ्या बाजूला सरकला.

"खोट्या लेव्हलचा ओटा. उचला."

बालाजीचा चेहरा उतरला. ओटा उचलला तर ग्रॅनाइट तडकणार, माझा गुरुवार हुकणार आणि गल्लीतली त्याची पुढची दोन कामं जाणार. तो हात पुसत म्हणाला, "सायब, तुमची बी पलटवून दाखवा की."

नागनाथराव दाराकडं वळले. पण नळवाला दारात होता, रंगवाला शिडीवर, आणि सगळे हसत होते. शेवटी त्यांनी अभ्रा सोडला. बालाजीनं ती लेव्हल ओट्यावर ठेवली, पलटवली. बुडबुडा त्याच्या लेव्हलपेक्षाही जास्त पळाला.

रंगवाला शिडीवरून म्हणाला, "ओव्हरसियरबी नापास."

बालाजी मात्र हसला नाही. त्यानं पेचकस काढला. काचेच्या बाजूचा स्क्रू जरासा पिळला की झालं, पाच मिनिटांचं काम, असं म्हणत तो वाकला. नागनाथरावांनी स्क्रूवर तळहात ठेवला.

"राहू दे. मला ठाऊक हाय."

मग ते माझ्याकडं बघत बोलले. "हातोडी सापडंना म्हणून आमच्या मंडळींनी या लेव्हलनंच खिळा ठोकला. कॅलेंडरचा. मी चार दिस बोललो न्हाई तिला. एका लेव्हलपायी. आता पाच वर्षं झाली तिला जाऊन. स्क्रू पिळला तर तिनं ठोकलेलं जाईल न्हवं?"

"मग मोजता कसं, सायब?" बालाजीनं विचारलं.

"काचेवरची एक रेघ सोडून धरतो. हात बसलाय."

"मी बी माझी अर्धी रेघ सोडूनच धरतो की."

नागनाथरावांनी त्याच्याकडं नीट बघितलं. मग तांब्याभर पाणी ओट्यावर ओतलं. पाणी कुठं न थबकता सरळ सिंकमध्ये गेलं. ते म्हणाले, "पास." आणि लेव्हल अभ्र्यात घालून निघून गेले. मी वहीतली चौदावी ओळ खोडली.

गुरुवारी ते आले. लोकांनी घड्याळं आणली, देवांच्या तसबिरी आणल्या. नागनाथरावांचं पुडकं जड होतं. मी वर्तमानपत्राचा कागद सोडला. आत नवी हातोडी होती.

"सापडंल अशा जागी ठेवा, ताई," ते म्हणाले.