कादंबरीतल्या शिंप्याचं पुढे काय झालं

"पुस्तक मिटलं म्हणून माणसं संपत नाहीत," लेखकराव छाती पुढे काढून सांगत. "पुढचं सगळं माझ्या डोक्यात असतं. विचारा काहीही."

लोक विचारत, आणि 'माहीत नाही' म्हणणं लेखकरावांच्या रक्तातच नव्हतं. हीच खोड नडली. आयुष्यातला पहिला पुरस्कार येत्या रविवारी मिळायचा होता. त्यासाठी पहिलावहिला कोट शिवायला टाकला होता. अशात वाचनालयातल्या गप्पांत एका बाईंनी विचारलं, "तुमच्या कादंबरीतला तो देवमाणूस शिंपी, त्याचं पुढे काय हो झालं?"

"देवमाणूस कसला? गिऱ्हाइकाच्या कापडातून हातभर तरी मारायचाच. मला पहिल्यापासून ठाऊक होतं, फक्त लिहिलं नाही."

टाळ्या पडल्या. पण तो शिंपी म्हणजे आपणच, याबद्दल गल्लीतल्या शिंपीमास्तरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी कादंबरीतलं पान चौकटीत घालून दुकानात लावलं होतं, आणि ते वाचून गिऱ्हाइकं वाढली होती. दुसऱ्या दिवशी तीच गिऱ्हाइकं उरलेलं कापड मागायला रांगेत उभी! एक आजोबा तर घरून फूटपट्टी घेऊन आले.

हे लेखकरावांच्या कानावर आलं. कोट मास्तरांच्याच कात्रीखाली होता. ते धावत दुकानात गेले आणि रांगेसमोर सारवासारव करू लागले. "अहो, पुढे त्यानं चोरी सोडली. बायको माहेरी निघून गेली ना, त्या धक्क्यानं."

कोपऱ्यात काजं करत बसलेल्या मास्तरांच्या बायकोनं सुई खाली ठेवली. "मी कधी गेले?"

"तुम्ही नाही हो, वहिनी, ती. आणि ती परतही येते. पण तोवर त्यानं दुसरं..."

"दुसरं काय?" अख्ख्या रांगेनं विचारलं.

लेखकरावांनी तिथून काढता पाय घेतला. मास्तर कात्री चालवतच राहिले.

रविवारी सकाळी कोट घरी आला. अंगावर असा बसला, की बायको दोनदा बघून गेली. समारंभात वाचकांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा पहिल्या रांगेतून मास्तर उठले. "कोट छान दिसतोय. पण बाह्या नुसत्या कच्च्या टाक्यावर आहेत. मला पहिल्यापासून ठाऊक होतं, फक्त बोललो नाही."

सभागृह हसून लोटपोट झालं. लेखकरावांनी कोपरं बरगड्यांना चिकटवून मानचिन्ह स्वीकारलं. मागून कुणीतरी ओरडलं, "त्या शिंप्यानं दुसरं काय केलं?"

"माहीत नाही," लेखकराव म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.

घरी बायकोनं दोन्ही हातांनी बाही ओढून पाहिली. टाका जागचा हलेना.

सकाळी लेखकराव दुकानात गेले. चौकट भिंतीवर होती, रांगही होती, पण आज लोकांच्या हातात नवं कापड होतं. लेखकरावांना फार बरं वाटलं.

"मास्तर, बाह्या तर चांगल्या पक्क्या आहेत."

मास्तरांनी सुईत दोरा ओवला. "असणारच. कच्चा टाका मला कोट शिवून झाल्यावर सुचला."