सगळ्यात मोठा खेळाडू आणि माझा लंगोट

खेळातलं मला कुणी शिकवू नये! औरंगाबादेत आमच्या ऑफिसात गावस्कर मोठा की कपिल, पेले मोठा की मॅराडोना, असा कुठलाही वाद पेटला की लोक शेवटी माझ्याच टेबलाशी यायचे. मी पेपर शेवटच्या पानापासून वाचणारा माणूस. चहाचा कप खाली ठेवायचा, चष्मा वर ढकलायचा आणि फैसला द्यायचा. बद्रीनाथरावांनी सांगितलं म्हणजे विषय खलास!

हे सत्त्याऐंशी सालचं सांगतोय. माझी मेहुणी चतुरा लग्नाची होती. वैजापूरकडच्या एका गावातलं स्थळ आलं होतं. मुलगा पुंजाराम शाळेत मास्तर, वडील तात्यासाहेब मोठे बागायतदार. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, पोरापोरीची पसंती झाली होती, आता फक्त तात्यासाहेबांचा होकार तेवढा बाकी. तो आणायला मी आणि माझे सासरे कारभारीमामा निघालो. मामा फुलंब्रीचे शेतकरी, स्वभावानं इतके गरीब की बैलालासुद्धा "सरक रे बाबा" म्हणायचे.

निघताना माझी बायको सरू दारात आडवी उभी राहिली.

"तिथं वाद घालू नका."

"मी कशाला वाद घालीन?"

"बघा, लगेच घातला!"

तात्यासाहेबांच्या ओसरीवर आमचं झकास स्वागत झालं. पोहे झाले, चहा झाला. तात्यासाहेब म्हणजे दरवाजाएवढा माणूस. कानांवरून घट्ट पटका बांधलेला, मिशा दोन्हीकडं तलवारीसारख्या. देण्याघेण्याचं बोलणं सुरळीत झालं. आता होकार येणार, एवढ्यात ते म्हणाले,

"पाहुणं, तुमी पेपरवाले माणूस म्हणं. मंग सांगा बरं, आजपातुर जगात सगळ्यात मोठा खेळाडू कोण झाला?"

माझा हात आपोआप चष्म्याकडं गेला. कारभारीमामांनी माझ्या मांडीला चिमटा काढला. पण सवय ती सवय!

"पी. टी. उषा!" मी म्हणालो. "गेल्या साली सेऊलला चार सुवर्णपदकं. पळणं हाच खरा खेळ."

"व्हय, पोरगी गुणाची हाय," तात्यासाहेब म्हणाले. "पर खाशाबा जाधवांनी बावन्न सालीच ऑलिंपिकचं पदक आणलं. कुस्तीवाणी खेळ नाय."

"पदक, पण ब्राँझच ना! आणि कुस्तीत असतं काय हो? दोन माणसं एकमेकांना धरून बसतात. आमच्या सिटी बसमध्ये रोज हेच चालतं!"

तात्यासाहेबांनी सावकाश पटका सोडला आणि मांडीवर ठेवला. अरे देवा! ते कान नव्हतेच. कढईतून नुकती काढलेली दोन भजी होती! माझी नजर घाबरून मागं वळली. ज्या भिंतीला मी मघापासून टेकून बसलो होतो, तिच्यावर फोटोच फोटो. सगळ्या फोटोंत तरुण तात्यासाहेब, आणि सगळ्या फोटोंत त्यांच्या खाली कुणीतरी पडलेला!

"तात्यासाहेब चाळीस वर्सं तालमीचे वस्ताद हायेत," मामा माझ्या कानात पुटपुटले. "म्या गाडीत सांगणार व्हतो, पर तुमी बोलूच दिलं नाय."

डोळ्यांसमोर चतुराचा रडवेला चेहरा आला, त्याच्यामागं सरूचा चेहरा आला. तो रडवेला नव्हता! काहीतरी करून सावरायला हवं होतं.

"गंमत केली हो! मी स्वतः कॉलेजात असताना तालमीत जात होतो!"

गेलो होतो, हे खरं आहे. पाय मुरगळला होता, तो चोळून घ्यायला.

तात्यासाहेबांचा चेहरा एकदम फुलला. "आस्सं! मंग आधी न्हाय का सांगायचं! पोरांच्या मेहनतीची येळ झालीच हाय. चला, दोन हात करू!"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि तोंड परत मिटलं.

तालीम गल्लीच्या टोकाला होती. आम्ही ओसरीवरून निघालो तेव्हा "पाहुणे तालीम बघायला चाललेत" एवढंच होतं. पिठाच्या गिरणीपाशी "पाहुणे खेळणार" झालं. आणि मारुतीच्या देवळातला भोंगा ओरडला, "औरंगाबादचे नामांकित मल्ल गावात दाखल झालेले आहेत! समद्यांनी तालमीपाशी जमावं!" नामांकित मल्ल एका हातानं पायजम्याची नाडी घट्ट धरून चालला होता.

आत नेऊन कुणीतरी मला लंगोट बांधला. माझा चष्मा, शर्ट, पायजमा खुंटीवर गेला. मामा जवळ आले. वाटलं, धीर देतील.

"जावईबापू, पडायचंच हाय तर लवकर पडा. उगं ताणू नका. शेवटची गाडी चुकंल."

बाहेर लाल माती, भोवती अख्खं गाव. समोर भिकन पैलवान उभा राहिला. माणूस कसला, पाण्याची टाकी होती! चष्मा नसल्यामुळं मला तो कडांना जरा धूसर दिसत होता, म्हणजे आणखीच मोठा! तात्यासाहेब त्याच्या कानात काहीतरी कुजबुजले. त्यानं मान डोलावली आणि बोटं मोडली. मला लख्ख कळलं. "एक हाड जाग्यावर ठेवू नगंस," हेच सांगितलं असणार!

भिकननं वाकून मूठभर माती उचलली आणि रिवाजाप्रमाणं माझ्या अंगावर टाकली.

मूठमाती! मी जिवंत असताना!

पुढचं मी ठरवून केलेलं नाही. पायांनी केलं. मी वळलो, गर्दीत जिथं फट दिसली तिथं घुसलो आणि सुटलो! गल्ली गेली, गिरणी गेली, मारुती गेला. एक म्हातारी ओरडली, "आगं बया, पाहुणा सुटला!" वेशीपाशी पोचलो तेव्हा मागून धप धप पावलं आणि भिकनचा आवाज, "ओ पाहुणं! थांबा!" थांबतोय कसला! कांद्याचं वावर आडवं तुडवत, बांधावरून उड्या टाकत मी थेट डांबरी रस्त्याच्या फाट्यावर पोचलो. देवासारखी एसटी उभी होती. मी पायरीवर पाय ठेवला.

कंडक्टरनं मला वरून खाली बघितलं, पुन्हा खालून वर बघितलं.

"तिकिटाचे पैसे कुठं ठेवलेत?"

गाडी निघून गेली. मागं वळलो, तर भिकन समोर! मी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणालो, "माझ्या पोरांना सांभाळ."

"पाहुणं, कापडं घाला, थंडी वाजंल," भिकन म्हणाला. त्याच्या खांद्यावर माझे कपडे होते, खिशात माझा चष्मा होता आणि हातात कसलासा झाकलेला तांब्या. आजाऱ्याला धरून नेतात तसं त्यानं मला हळूच परत नेलं.

ओसरीवर पुन्हा बैठक बसली. कारभारीमामा पायरीवर डोकं धरून बसले होते. लग्न मोडलं, यात मला काडीची शंका नव्हती. चतुराला काय सांगायचं? सरूच्या समोर कसं उभं राहायचं? लंगोटातसुद्धा एवढं उघडं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दाराआड बसलेला नवरामुलगा पुंजाराम उठला.

"तात्या, लहानपणी तुम्ही मला रोज आखाड्यात ढकलायचे. मला लई भ्या वाटायचं, पण कधी बोललो नाय. तिथनं पळून जाता येतं, हे मला आज पाहुण्यांनी दाखवलं. मला याच घरात सोयरीक करायची हाय."

तात्यासाहेब लेकाकडं वळले.

"तुला भ्या वाटत व्हतं? मंग सांगितलं का नाय, लेकरा?"

"तुमचंच भ्या वाटत होतं."

तात्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला, एकदा नाक ओढलं आणि गडगडाटी हसले. ते हसू ऐकून मी पुन्हा पळायच्या बेतात होतो! पण ते म्हणाले, "कारभारी, उठा. सुपारी फोडा!"

मामांना रडू फुटलं. मला मात्र एकदम जोर चढला. चष्मा वर ढकलून मी म्हणालो,

"तात्यासाहेब, पण फैसला झाला की नाही? मी जन्मात कधी पळालो नाही. तरी तुमचा एवढा पैलवान फाट्यापर्यंत मला गाठू शकला नाही. सांगा आता, पळणं मोठं की कुस्ती?"

"पाहुणं," तात्यासाहेब शांतपणानं म्हणाले, "म्या भिकनच्या कानात सांगितलं व्हतं, पाहुणा भ्यालाय, नुसता हात लाव आन् दूध पाज. तुमी सुटल्यावर ह्यानं खुंटीवरची कापडं घेतली, घरी जाऊन चुलीवरचं दूध तांब्यात वतलं, आन् मंग तुमच्या मागं निघाला. भिकन, दे रं पाहुण्याला."

भिकननं तांब्या पुढं केला. मी झाकण काढलं.

दुधावरची सायसुद्धा मोडली नव्हती!