बदाम वाजला

दिनांक ८ डिसेंबर २००४. दुपारी साडेबारा वाजता देवासच्या एका मंगल कार्यालयात पंगत बसली आणि माझे शेजारी यशवंत निकम जिलब्यांचे ताट घेऊन उभे राहिले. हा गृहस्थ स्वतःच्या घराला पुढून कुलूप लावून मागच्या दाराने आत शिरत असे. हेतू एकच, पाहुण्यांनी परत जावे.

कारखान्यात यंत्रांपुढे ते निर्धास्त. माणूस समोर आला की घाम, थरकाप, पलायन. आम्ही त्याला शिष्टपणा समजत होतो. मुलीचे लग्न ठरले तेव्हा पत्नीने त्यांना इंदूरला डॉक्टरांकडे नेले. सामाजिक भीतीचा विकार निघाला. डॉक्टरांनी संशोधनातली मेंदूची चित्रे दाखवली. मेंदूत बदामाएवढा एक भाग धोक्याची सूचना देतो. अशा माणसांत तो परक्या चेहऱ्यानेही चेकाळतो. उपाय असा की पळायचे नाही, थोडेथोडे सामोरे जायचे. सूचना हळूहळू मंदावते.

निकम परतले ते बदाम घेऊनच. दूधवाला आला की ते मला हाक मारून सांगत, "काका, बदाम वाजला!" पोस्टमन आला, "वाजला!"

आमच्यात वधूपित्याने पंगतीत फिरून आग्रह केला नाही, तर व्याही जन्मभर ऐकवतात. मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी बाहेरून कुलूप लावू नका."

सरावासाठी निकमांनी मला निवडले. मी मधुमेही. रोज संध्याकाळी ते रिकामे ताट घेऊन येत.

"काका, एक तरी घ्या."

मी हात आडवा धरी. "नको."

"माझ्यासाठी."

"नको म्हणालो ना!"

आज ते धारच्या व्याह्यांपुढे वाकले. "एक तरी घ्या."

"एक काय भिया, चार टाका! विचारता काय?" व्याही माळवी थाटात म्हणाले.

होकाराचा सराव झालाच नव्हता. निकम गोठले. जिलबी ताटातच राहिली.

"काय हो, दाखवायलाच आणल्या काय?" व्याही म्हणाले. पंगत हसली. मुलीने मान खाली घातली. निकमांची नजर मागच्या दाराकडे गेली.

मी पत्रावळीवर हात आडवा धरून मोठ्याने म्हणालो, "मला मुळीच नको!"

ते जवळजवळ धावतच आले. "काका, एक तरी!"

"नको."

"माझ्यासाठी!"

"नाही म्हणतो!"

निकमांचा आवाज मोकळा झाला. तसेच मागे वळून त्यांनी व्याह्यांना चार वाढल्या आणि पाचवीचा असा आग्रह धरला की व्याह्यांनी दोन्ही हात आडवे घातले. "बस भिया, बस!" नकार ऐकताच निकमांना आणखी जोर चढला.

परतताना ते माझ्यापाशी थांबले. ताटाच्या कडेला केळीच्या पानात दोन जिलब्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

"या पाकात बुडवलेल्या नाहीत, काका. सकाळी हलवायाला सांगून काढून घेतल्या."

"कोणी सांगितले?"

"मीच. एकटाच गेलो. भट्टीपाशी केवढी माणसं! बदाम असा वाजला!"

मधुमेहाला मैदाही चालत नाही, हे मी बोललो नाही. हात बाजूला घेतला. जिलब्या आंबट आणि चिवट होत्या. दोन्ही खाल्ल्या. मग आणखी आग्रह व्हायच्या आत पत्रावळ उचलून बाहेर टाकून आलो.