मनोऱ्यासमोरची खुर्ची

शहरातला मनोरा कुठून सगळ्यात छान दिसतो, हे ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं! निदान मास्तरांचं तरी तसं ठाम मत होतं. वीस वर्षं शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून, पायाखालचा जादा ब्रेक दाबत त्यांनी गल्ली न् गल्ली पालथी घातली होती आणि प्रत्येक वळणावर मान वाकडी करून मनोरा पाहिला होता. ब्रेकची सवय तर इतकी अंगात भिनली होती, की टीव्हीवर एखादी मोटार वेगात आली तरी त्यांचा उजवा पाय समोरच्या टीपॉयवर दाबला जायचा. दोन टीपॉय त्यात कामी आले होते.

आणि आता ताई येणार होती!

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, नोकरीसाठी शहराच्या गाडीत बसवलं आणि तेव्हापासून दर फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा, "काय रे, तो मनोरा दिव्यांत कसा दिसतो?" मास्तरांचं उत्तरही एकच, "तू ये तर खरी! अशा जागेवरून दाखवतो, की जन्मभर विसरणार नाहीस!" बोलता बोलता वीस वर्षं उलटली. आता लेकीच्या बाळंतपणाला जाताना ताई आणि भाऊजी एक दिवस वाट वाकडी करणार होते. पहाटे उतरायचं आणि रात्रीच्या गाडीने पुढे निघायचं. हातात संध्याकाळ एकच. ती हुकली की पुन्हा कधी जमेल, कोण जाणे!

"पुलावरून दाखवा," बायको म्हणाली.

"पुलावर सेल्फी काढणाऱ्यांची डोकी दिसतात, मनोरा नाही!"

"त्या हॉटेलच्या गच्चीवरून?"

"मध्ये पाण्याची टाकी येते."

"मग स्टेशनवरून—"

"तिथून तर येणारेजाणारे सगळेच बघतात! माझ्या ताईला काय सगळ्यांच्या जागेवरून दाखवू?" मास्तरांनी आवाज खाली आणला. "माझी जागा ठरलीये. दातांच्या डॉक्टरबाईंची खुर्ची!"

बायकोने कपाळावर हात मारला. पण मास्तर काही उगाच बोलत नव्हते. गेल्या वर्षी दाढ दुखली म्हणून ते त्या खुर्चीत आडवे झाले होते. डॉक्टरबाईंनी 'आ' करायला लावलं आणि पाहतात तो काय, समोरच्या खिडकीत अख्खा मनोरा! पायथ्यापासून कळसापर्यंत! मध्ये ना तार, ना टाकी, ना झाड! सात वाजता दिवे लागले तेव्हा डॉक्टरबाई दाढ कोरत होत्या, पण मास्तरांना त्याची शुद्धच नव्हती. खुर्चीतून उठले मात्र, आणि खिडकीवरचा छज्जा आडवा आला! म्हणजे पाहायचं तर आडवं होऊन, आणि आडवं व्हायचं तर पेशंट होऊन. मास्तरांनी ताईच्या नावाने सातच्या जरा आधीची वेळ घेऊन टाकली.

ठरल्या दिवशी पहाटे मास्तर गाडी पुसण्यात इतके रंगले, की स्टेशनवर पोचायला चांगलाच उशीर झाला. ताई आणि भाऊजी सामान घेऊन गेटाबाहेर उभेच होते.

"अरे, किती वाट पाहिली! पण काय सांगू, तिथे बाकावर बसल्या बसल्या—"

"चुकलो, ताई, चुकलो! पण आधी हा रुमाल डोळ्यांना बांध!"

"अगं बाई! कशाला?"

"मनोरा संध्याकाळी बघायचा! एकदम! तोवर त्याचं टोकसुद्धा दिसता कामा नये!"

"अरे, पण मी काय म्हणते—"

"आज तू काहीच म्हणायचं नाहीस!"

भाऊजी मुळात कमी बोलणारे. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात ताईचं कोपर त्यांच्या बरगडीत बसलं. उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं.

दिवसभर घरात नुसता गोंधळ! मास्तरांनी सगळे पडदे ओढून भरदुपारी दिवे लावले. भाऊजी जरा हवा खायला गॅलरीत गेले, तर मास्तर त्यांच्यामागे धावले, "भाऊजी, तुम्हीसुद्धा नाही!" जेवताना ताईने दोनदा "अरे, सकाळी ना—" अशी सुरुवात केली. दोन्ही वेळा मास्तरांनी तिच्या पानात भाजी वाढली आणि विषय संपवला.

संध्याकाळी वरात निघाली. गाडीच्या टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, मागच्या सीटवर डोळ्यांना रुमाल बांधलेली ताई आणि तिच्या शेजारी अंग चोरून बसलेले भाऊजी. चौकात पोलिसाने हात केला. मास्तरांनी ब्रेक दाबला.

"बाईंचे डोळे का बांधलेत?"

"त्यांना मनोरा दाखवायचाय!"

पोलिसाने मास्तरांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. "गाडीसुद्धा असेच डोळे बांधून शिकवता का?"

"साहेब, ती माझी बहीण आहे! विचारा तिला!"

"बाई, तुम्ही आपखुशीने चाललाय ना?"

"आपखुशीने म्हणजे..." ताई रुमालाआडून म्हणाली, "लहानपणापासून हा असाच आहे हो!"

पोलीस हसला, पण लायसन्स, कागद आणि डिकीसुद्धा तपासून मगच त्याने सोडलं. आता मास्तरांचा जीव टांगणीला लागला. सात वाजत आले होते! चार जिने चढून ते ताईला अक्षरशः ओढत वर घेऊन गेले आणि दारात त्यांनी रुमाल सोडला. ताईने समोरची पाटी वाचली आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"अरे, हा तर दातांचा दवाखाना!"

"बरोबर! खुर्चीत बसायचं, दात दुखतो म्हणायचं आणि समोर बघत राहायचं! त्या तपासतील, काही नाही म्हणतील, तोवर दिवे लागतील!"

"दुखतो म्हणायचं कशाला?" दिवसभरात पहिल्यांदाच भाऊजींना कंठ फुटला. "सहा महिने हलतोय एक! दवाखान्याचं नाव काढलं, की ही दुसऱ्या खोलीत पळते!"

"दुसरी एखादी जागा नाही का रे?" ताईने केविलवाणा आवाज काढला.

"आहेत की! पण त्या सगळ्यांच्या! ही फक्त तुझी!"

मास्तरांचा चेहरा पन्नाशीचा राहिलाच नव्हता. जत्रेला निघालेल्या पोरासारखा तो फुलला होता. ताईने त्या चेहऱ्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि पदर खोचून ती आत गेली.

डॉक्टरबाईंनी तिला बसवलं आणि मास्तरांना बजावलं, "तुम्ही उभे राहा, पण खाली ते पेडल आहे, त्यावर पाय देऊ नका. खुर्ची जुनी झालीये, एकदम खाली बसते."

"छे छे! पेडलचं मला सांगताय?" मास्तर हसले.

खुर्ची मागे झुकली. ताईच्या पायांच्या दिशेला खिडकी आणि खिडकीत मनोरा! बाहेर संधिप्रकाश, आता कोणत्याही क्षणी दिवे! उभ्याने काहीच दिसत नसल्यामुळे मास्तर गुडघे वाकवून, मान खाली घालून ताईच्या कानाशी आले. "समोर बघ, ताई! समोर!"

"आ करा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी हलणारा दात चिमट्यात हलकेच धरला. "घाबरू नका, आज फक्त बघतेय."

ताईच्या तोंडातला चमकता चिमटा मास्तरांनी पाहिला मात्र! समोरून ट्रक अंगावर यावा तसं त्यांना झालं. वीस वर्षांच्या सवयीने त्यांचा उजवा पाय खाली जाऊन कचकन दाबला!

खुर्ची धाडकन खाली गेली. ताई खुर्चीबरोबर खाली गेली. डॉक्टरबाई जागच्या जागी राहिल्या, चिमटा त्यांच्या हातात राहिला आणि दात चिमट्यात राहिला!

"आई गं!"

त्याच क्षणी मनोऱ्यावर दिवे लागले. खालपासून वरपर्यंत सोनंच सोनं! मास्तर तर वाकल्या वाकल्या नाचायचेच बाकी होते. "लागले! ताई, लागले! दिसले का दिवे?"

"काजवे दिसले!" ताई गाल धरून ओरडली. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. खुर्ची झुकली तेव्हाच तिने ते मिटले होते आणि दात पडला तरी उघडले नव्हते. दातांच्या खुर्चीत शहाणं माणूस डोळे उघडे ठेवतं का?

आणि आता उघडावेत, तर खुर्ची पार जमिनीला टेकलेली. खिडकीच्या चौकटीखाली! समोर नुसती भिंत! पेडल कितीही दाबलं तरी ती वर यायचं नाव घेईना. डॉक्टरबाईंनी ताईच्या तोंडात कापूस कोंबला आणि मास्तरांना बोटानेच दरवाजा दाखवला. एकटे भाऊजी मात्र खुशीत होते. त्यांनी दात कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

स्टेशनच्या वाटेवर मास्तरांनी एकाही वळणावर मान वाकडी केली नाही. वीस वर्षं कबूल केलेली एक गोष्ट, आणि तीही धड जमली नाही! त्यांना अगदी रडू येत होतं. एरवी ते कुणालाही गेटापर्यंतच सोडत, कारण बाहेर लावलेली मोटार पोलीस उचलून नेतील ही धास्ती. आज मात्र बॅगा उचलून ते थेट प्लॅटफॉर्मवर आले आणि थबकलेच. फळांच्या गाड्यामागे, दोन खांबांच्या बरोबर मध्ये, दिव्यांनी न्हालेला अख्खा मनोरा! मध्ये ना तार, ना टाकी, ना छज्जा! आणि समोर एक रिकामा बाक.

"सकाळी आम्ही इथेच बसलो होतो की!" भाऊजी सहज बोलून गेले. "अंधार होता, दिवे लागलेलेच होते. ही तर पापणीसुद्धा हलवत नव्हती."

मास्तर बाकावर मटकन बसले. "ताई, मग सांगितलं का नाहीस?"

ताईने कापूस गालात सरकवला. "तू बोलू दिलंस का? आणि एवढा नाचत होतास, म्हटलं, पोराचा विरस कशाला करा!" मग गालावर हात ठेवून ती म्हणाली, "तुझी जागा मात्र जन्मभर विसरणार नाही बरं!"

ताई आणि भाऊजीही शेजारी बसले आणि गाडी येईपर्यंत तिघंही सगळ्यांच्या जागेवरून मनोरा बघत राहिले.

गाडी सुटली. खिडकीतून ताईने हात हलवला आणि सुजलेल्या गालाने हसली. मास्तरांचा उजवा पाय आपोआप प्लॅटफॉर्मवर दाबला गेला, चांगला जोर लावून! पण गाडी काही थांबली नाही.