घेवरशेठांचं खाकरणं

शहाद्याच्या स्टँडवर गाडीला नंदुरबारची पाटी असली, तरी घेवरशेठ आधी कंडक्टरला विचारणार, "नंदुरबारले जास ना?" मग ड्रायव्हरला. दोघांचं उत्तर जुळलं की दोघं एकमेकांना सामील असल्याचा यांचा संशय आणखी वाढणार. "दोन्ही मियेल शेतस!" म्हणत तिसऱ्याला गाठणार.

आमच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकान भाड्यानं दिलं, संशय मात्र स्वतःकडे ठेवला. दूध पातळ असलं तर पाणी, घट्ट असलं तर पावडर. दूधवाला बिचारा कुठे जाणार?

मी शाळेतून निवृत्त झाले आणि आम्ही काही बायकांनी मंडळ काढलं. घरात अंथरुणाला खिळलेलं किंवा भ्रम झालेलं माणूस असलं, की सांभाळणाऱ्याला दळण आणायलाही बाहेर पडता येत नाही. तेवढा वेळ आमच्यातल्या एकीनं तिथे बसायचं. शेठांच्या भंवरीकाकूंना अलीकडे काही आठवेनासं झालेलं, मूलबाळ नाही, म्हणून मी गेले. दार साखळीपुरतं उघडलं.

"पैसा?"

"फुकट बसतो आम्ही."

"फुकट? कसाले?" आणि धाडकन दार बंद!

आता संशय मला आला. काकू कित्येक महिन्यांत ओट्यावर दिसल्या नव्हत्या. शेजारची मालूबाई सांगायची, म्हातारा उंबऱ्यात ताट ठेवतो, खाकरतो नि मागे फिरतो. म्हातारी डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करते, शब्द बोलत नाही. माझं डोकंच फिरलं. मारत बिरत असेल तर? जाऊन दार बडवलं. "शेठ, काकूंना भेटू द्या, नाहीतर पोलिसांना घेऊन येते!"

साखळी निघाली. शेठ बाजूला झाले, पण माझ्यामागे आत आले नाहीत.

मला बघून काकूंनी पदर वर केला. केस विंचरलेले, कुंकू जरा तिरकं. हातपाय निरखले, ओरखडासुद्धा नाही. "काकू, त्रास देतात का हो?"

त्यांनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल! बाहेर जेठजी आहेत. हे सुरतला गेलेत माल आणायला."

जेठजी म्हणजे शेठांचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन जमाना झाला. या मारवाडी घरांत सून जेठाला तोंड दाखवत नाही, त्याच्याशी बोलत नाही. जेठानंही खाकरूनच घरात यायचं. म्हातारपणी शेठ हुबेहूब भावासारखे दिसायला लागले, आणि काकूंनी नवऱ्यालाच जेठ करून टाकलं! सगळ्या जगावर संशय घेणारा हा माणूस स्वतःच्या घरात खाकरत, जेठाचे सगळे नियम पाळत होता.

मी बाहेर आले. शेठ ओट्यावर पाठमोरे बसले होते.

"तुम्ही कोण ते सांगा ना त्यांना!"

"सांगं व्हतं एकदाव. दिनभर रडनी. जेठ असं कसं बोलना म्हनीसन."

मी म्हटलं, दर गुरुवारी मी येऊन बसेन. त्यांनी नुसती मान हलवली. कसाले म्हणून विचारलं नाही. मी चपला घालत होते, तेवढ्यात हळूच म्हणाले, "बाई, तुमले तोंड दखाडं तिनी?"

"हो."

"बारीक व्हई गयी का?"

"नाही हो. छान आहेत."

"हासे तवय गालवर खळी पडे तिले. आजून पडस ना?"

मला ते बघायचं सुचलंच नव्हतं. मी चपला काढल्या आणि परत आत गेले.