सातवा मजला, कोयनानगर

माणसांना एकत्र आणण्याचं सामर्थ्य धर्मात नाही, राजकारणात नाही, ते फक्त आणि फक्त संगीतात आहे, असं प्रबुद्ध भंडारेनं रविवारी सकाळी जाहीर केलं. ऐकायला त्याची बायको क्रांती एकटीच होती आणि ती मिक्सरमध्ये चटणी वाटत होती. मिक्सर थांबल्यावर तिनं "काय म्हणालात?" असं विचारलं. प्रबुद्धनं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तिनं मान हलवली आणि मिक्सर परत लावला.

प्रबुद्धचं कोयनानगरच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान. माणूस सरळ, निर्व्यसनी. पण एखादी गोष्ट त्याला आवडली की ती गावाला आवडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मागे त्याला अळंबी आवडली, तेव्हा अख्ख्या आळीनं आठवडाभर अळंबीची भाजी खाल्ली. मग रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या आल्या. त्यानंतर ग्रहतारे आले आणि निम्म्या गावाच्या माना आखडल्या. क्रांती आरोग्य केंद्रात परिचारिका, त्यामुळे त्या माना तिच्याकडेच आल्या. गावानं हे सगळं सोसलं, कारण चुकलेला अर्ज प्रबुद्ध झेरॉक्स काढायच्या आधी स्वतः दुरुस्त करून देई.

यातली टिकलेली आवड एकच. पुण्यातल्या चार पोरांचा 'सातवा मजला' नावाचा एक रॉक बँड होता. ना कुठल्या मोठ्या कंपनीचा पाठिंबा, ना सिनेमात गाणी. स्वतःच लिहायचं, स्वतःच वाजवायचं. त्यांचं 'हलणार नाही' हे गाणं प्रबुद्धनं सहा वर्षांपूर्वी मोबाइलवर ऐकलं आणि तो कामातून गेला. ते गाणं समोर बसून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकायचं, एवढीच त्याची इच्छा. तीही पुरी होईना. पुण्याला पहिल्यांदा निघाला तेव्हा एसटी खंबाटकीच्या घाटात बंद पडली. दुसऱ्यांदा पोचला, तर त्या दिवशी नेमकं तेवढं गाणं सोडून सगळी झाली. सांगलीच्या एका कॉलेजात बँड आला, गाणं सुरू झालं, दुसरं कडवं आलं आणि लाइट गेली.

त्यामुळं सातवा मजला रविवारी चिपळूणला कार्यक्रमाला जाणार हे कळल्यावर प्रबुद्धनं त्यांना संदेशांवर संदेश धाडले. रस्ता आमच्या दारावरूनच जातो. तासभर थांबा, चार गाणी म्हणा, दुपारचं जेवण माझ्याकडे. अकराव्या संदेशाला उत्तर आलं. त्यात फक्त 'मटण?' असं लिहिलं होतं.

समाजमंदिराची किल्ली सुभेदार हिंदुरावांकडे असे. फौजेत तीस वर्षं काढून आलेला माणूस. त्यांनी हॉल दिला, पण डीजे लावायचा नाही आणि कार्यक्रमानंतर सगळ्यांना चहा पाजायचा, या अटीवर. आळीतल्या लीलाबाईंना बँडचं नाव पसंत पडलं नाही. त्या सदुसष्टच्या भूकंपात सात वर्षांच्या होत्या आणि तेव्हापासून जमिनीवर त्यांचा विश्वास नव्हता. "सातवा मजला?" त्या म्हणाल्या. "हितं आमी पयला बांधताना दोनदा इचार करतो." तरीही त्या आल्या. त्यांच्यामागोमाग साठेक माणसं आली.

बँड दीड वाजता आला, मटण जेवला आणि चार वाजता स्टेजवर चढला. गाणारा शिवतेज हाडकुळा, डोळे मिटून बोलणारा. बेस गिटार वाजवणारा सिद्धू सहा फूट उंच आणि इतका लाजरा, की जेवताना दुसऱ्यांदा भात मागायला त्यानं शिवतेजला पुढं केलं होतं. त्याचा स्पीकर कपाटाएवढा. तो त्यांनी लाकडी स्टेजवरच ठेवला. स्टेजच्या कडेला फळीवर चहाची पातेली, किटल्या आणि पन्नास स्टीलचे पेले मांडले होते.

आता कोयनानगरच्या माणसाला काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. भांडी वाजली की तो आधी बल्बकडे बघतो. बल्ब हलत असेल तर उठतो आणि बाहेर जातो. ओरडत नाही, पळत नाही, शेजारच्याला विचारत नाही. चर्चा बाहेर मैदानात होते.

पहिलं गाणं सुरू झालं. सिद्धूनं सगळ्यात जाड तार छेडली. स्टेज गुरगुरलं. पन्नास पेले एकदम वाजले आणि छताला वायरवर लटकलेला बल्ब डुलायला लागला. हिंदुराव उठले, त्यांनी फक्त हात दाराकडे केला. म्हातारी माणसं पुढं, लेकरं कडेवर, अशी रांग लागली आणि दीड मिनिटात हॉल रिकामा झाला.

मैदानात पोचल्यावर प्रबुद्धच्या लक्षात आलं की आपणही बाहेर आहोत. खरं तर रांगेत सगळ्यात पुढं तोच होता. पाय त्याचे, पण सवय कोयनेची. त्यानं वळून पाहिलं. उघड्या दारातून स्टेज दिसत होतं. चार पोरं साठ रिकाम्या खुर्च्यांना गाणं म्हणत होती. शिवतेजचे डोळे अजून मिटलेलेच होते. मग त्यानं ते उघडले.

प्रबुद्ध धावत आत गेला.

"दादा, इतकं वाईट होतं?" शिवतेजनं विचारलं.

प्रबुद्धनं सांगितलं की गाणं उत्तम होतं, लोकांना भूकंप वाटला. शिवतेज म्हणाला, लोक नाट्यगृहातून उठून गेलेले आपण पाहिलेत, पण त्यासाठी इतकं चांगलं कारण आजवर कुणी दिलं नव्हतं. सिद्धू गिटार पिशवीत भरायला लागला होता.

बाहेर गोष्ट वाढत चालली होती. धक्का बसला की नातेवाइकांना कळवायचं, ही पद्धत. लीलाबाईंनी मलकापूरच्या लेकीला फोन लावून सांगितलं, की लय मोठा व्हता, पर आमी सगळी भाईर हाय. लेकीनं कराडला कळवलं. दहा मिनिटांत हिंदुरावांच्या मेव्हण्याचा रहिमतपुराहून फोन आला, की तिकडंही जाणवला, कपातला चहा बशीत आला. या पुराव्यानंतर उरलीसुरली शंकाही मिटली. तेवढ्यात प्रबुद्धचा फोन वाजला. क्रांती होती. कुणीतरी आरोग्य केंद्रात बातमी नेली होती आणि सलाइन लावलेले दोन पेशंट तिनं बाटल्यांसकट अंगणात आणून बसवले होते. इथं बेसिनचा आरसासुद्धा हलला नाही, मग भूकंप नेमका कुठं झाला, असं तिनं विचारलं.

"समाजमंदिरात," प्रबुद्ध म्हणाला.

पलीकडे तिनं पेशंटना आत चला म्हणून सांगितल्याचं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. असा फोन बंद होण्याचा अर्थ प्रबुद्धला लग्नाच्या नऊ वर्षांत नीट कळलेला होता.

तो समाजमंदिराच्या पायरीवर चढला आणि त्यानं सगळ्यांसमोर कबुली दिली, की धक्का जमिनीचा नसून सिद्धूच्या जाड तारेचा होता. कुणाला पटेना. रहिमतपूरला तार ऐकू गेली का, असं एकानं विचारलं. शेवटी खात्री करायचं ठरलं. लीलाबाई आत जाऊन पेल्यांसमोर उभ्या राहिल्या. सिद्धूला पुन्हा गिटार काढायला लावली. त्यानं तार छेडली. पेले वाजले. लीलाबाईंनी हात वर केला, त्यानं थांबवली. पेले थांबले. असं तीनदा झालं.

"एवढीशी तार," लीलाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आन गुण बघा तिचं."

पेले खाली काढून ठेवले असते तर भागलं असतं. पण ते धुऊन पुसून मांडलेले होते आणि ती गोष्ट कुणी सुचवली नाही. त्याऐवजी हिंदुरावांनी हुकूम काढला, की ही तार वाजवण्याआधी जवानानं हात वर करायचा, म्हणजे पब्लिकला कळेल. शिवाय धक्क्यानंतर अर्धा तास आत जायचं नाही हा नियम होता. धक्का खोटा निघाला तरी नियम खराच होता, त्यामुळं अर्धा तास मैदानातच गेला. शिवतेजनं घड्याळ पाहिलं. चिपळूणला वेळेत पोचायचं तर आता एकच गाणं होईल, तो म्हणाला.

"हलणार नाही," प्रबुद्ध म्हणाला.

"दादा, आम्हाला निघावं लागेल."

"गाण्याचं नाव सांगतोय."

ते गाणं शिवतेज एकटाच म्हणे, सोबत एक साधी गिटार. सिद्धूला त्यात काम नव्हतं. तरी खबरदारी म्हणून हिंदुरावांनी त्याला स्टेजच्या कडेला स्टुलावर बसवलं आणि दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे वर ठेवायला सांगितले. सिद्धू लाजरा होता. त्यानं ठेवले.

गाणं सुरू झालं. प्रबुद्ध पहिल्या रांगेत. पहिलं कडवं झालं. सांगलीला जिथं लाइट गेली होती ते दुसरं कडवंही पार पडलं. साठ माणसं गप्प बसली होती. आता शेवटचं कडवं, आठ ओळी.

आणि त्याला तो आवाज आला. जमिनीखालून भरलेला ट्रक जावा तसा. तो कानांनी ऐकायचा नसतो, तळपायांना कळतो. पाठोपाठ बाहेर कुत्री भुंकली. मग पेले वाजले.

हा खरा होता. फार मोठा नव्हता, हेही प्रबुद्धला कळलं. चाळीस वर्षं इथं राहिलेल्याला एवढं कळतं. त्यानं हिंदुरावांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होते. लीलाबाईंची नजर सिद्धूच्या हातांवर होती आणि हात तर वरच होते. प्रबुद्धला वाटलं, यांना आपणच आत आणून बसवलं. आपणच सांगितलं की तार आहे, घाबरू नका. आता एक शब्द बोललो तर सगळे उठतील आणि गाणं मोडेल. नाही बोललो तर आठ ओळी मिळतील. त्यानं आयुष्यात कधी चुकीचा अर्ज पुढं जाऊ दिला नव्हता. तो गप्प बसला.

शिवतेज डोळे मिटून म्हणत होता, "कोसळू दे सगळं, मी इथून हलणार नाही." बल्ब डुलायला लागला. त्यानं डोळे उघडले. बल्बकडे पाहिलं. मग सिद्धूच्या हातांकडे पाहिलं. सिद्धूनंही स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

पुढच्या क्षणी स्टेजवर कुणी नव्हतं. मायक्रोफोन पडून किंचाळला, ड्रमचा एक तुकडा घरंगळत खुर्च्यांपर्यंत आला. चौघंही बाजूच्या दारातून एकमेकांना ढकलत मैदानात गेले. सिद्धूचे हात पळतानाही वरच होते.

"रांग न्हाई, काय न्हाई," हिंदुराव बसल्या जागेवरून म्हणाले.

पुढच्या पंधरा मिनिटांत बँडनं सामान भरलं. एक जण आत जाई, तिघं बाहेरून त्याला लवकर ये म्हणून सांगत. चहाला थांबले नाहीत. शिवतेजनं गाडीच्या खिडकीतून प्रबुद्धचा हात धरला, उरलेल्या सहा ओळी पुण्याला आलात की नक्की, असं म्हणाला आणि गाडी कुंभार्लीच्या घाटाकडे गेली.

प्रबुद्ध रिकाम्या स्टेजच्या कडेला येऊन बसला. लोक चहा पीत होते, कार्यक्रम झकास झाला म्हणत होते. त्याला ते सोसेना. लीलाबाई पेला घेऊन शेजारी टेकल्या तेव्हा त्यानं मान खाली घालून सांगून टाकलं.

"मावशी, मगाचा खरा व्हता. मला कळलं व्हतं. गाण्यापायी मी बोललो न्हाई. साठ माणसं आत व्हती."

"आन आमाला कळलं न्हाई व्हय रं?" लीलाबाई म्हणाल्या.

प्रबुद्धनं वर पाहिलं.

"तार ती तार, आन जमीन ती जमीन. पयल्यांदा फसलो, सारखं सारखं फसतंय का कुनी? समद्यांस्नी कळलं. पर एकदा उठून गेलो तर त्या पोराचं त्वांड एवढंसं झालं. सुभेदारांनी मागं वळून नुसतं डोळ्यानं सांगितलं, धक्का बारका हाय, बसा. म्हनलं, तू सा वर्सं वाट बघतुयास, हुंदे तुझं गाणं."

साठ माणसं डुलत्या बल्बाखाली त्याच्यासाठी बसून राहिली होती, आणि गाणं मात्र निघून गेलं होतं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं लीलाबाईंचा हात धरला. संगीताबद्दल सकाळी म्हटलेलं ते वाक्य पुन्हा म्हणावं, असं त्याला वाटायला लागलं.

"ऱ्हाऊ दे," लीलाबाईंनी हात सोडवून घेतला आणि कनवटीचा मोबाइल काढून त्याच्यापुढं धरला. "त्येंचा त्यो कपाटाएवढा डबा गेला न्हवं? मग त्या प्लगात ह्यो लाव. दोन टक्क्यावर आलाय."